खणातला वॉशर

दुपारची जेवणं आवरून मी चटईवर आडवी होते. डोळे जड होतात, पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि न्हाणीतून थेंब पडल्याचा आवाज येतो. यायला नको. तो नळ मी स्वतः दुरुस्त केलाय, आक्कांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा मिनिटांत झालं होतं काम.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, इंदुमती. शिवणक्लास चालवायच्या, आमच्याकडंच राहायच्या. ह्यांना अण्णू म्हणायच्या. गळक्या नळाखाली शेवाळ धरलं, त्यावरून त्या घसरल्या. खुबा मोडला. एकोणीस दिवसांनी दवाखान्यातच गेल्या. तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. "दोन महिने सांगत होती आक्का. मी नळ केला नाही," एवढंच म्हणतात.

मी न्हाणीत उभी आहे. हातात पाना आहे. नळाचा वरचा भाग फिरवून काढते.

"शालन, टाकीचा कॉक बंद केलायस नव्हं?" मागून आक्का विचारतात.

"केलाय."

"मग हे काय?"

उघड्या नळातून पाणी उसळतं. मी त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरते. मान वळवते, तर न्हाणीला मागची भिंतच नाही. तिथून दवाखान्याचा व्हरांडा सुरू होतो. त्याच्या टोकाला आक्का उभ्या आहेत, अनवाणी. फरशी ओली आहे.

"आक्का, तिथंच थांबा. निसरडं झालंय."

"ठाऊक आहे मला. वॉशर आणायचा होता की गं."

"आणला होता."

"कुणी?"

"मीच. शिलाई मशीनच्या खणात होता."

"कधीपासनं?"

"तुम्ही पडायच्या आधी दोन आठवडे."

त्या एक पाऊल पुढं येतात. "बसवायला येत नव्हता?"

"येत होता. माहेरी मीच बसवायची." मी तळहात आणखी दाबते. "दर वेळी मीच का, म्हटलं. एकदा तरी ह्यांनी उठावं."

"अण्णूला ठाऊक आहे?"

"नाही."

आक्का रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. क्लासमधल्या एखादीनं वाकडी शिवण दाखवल्यावर हलवायच्या, तशी नुसती मान हलवतात आणि चालू लागतात. हात काढला तर पाणी त्यांच्या पायाखाली जाईल. नाही काढला तर त्यांना धरायला कुणी नाही. मी ओरडते, पण आवाज फुटत नाही. व्हरांडा आखूड होत जातो. आता त्या हाताच्या अंतरावर आहेत. त्यांची टाच सरकते. मी नळ सोडून झेप घेते. माझ्या दोन्ही मुठी मिटतात, आणि त्यांत काहीच नसतं.

चार वाजलेत. न्हाणी कोरडी आहे, नळ गच्च बंद. उशी कोरडी, साडी कोरडी. फक्त माझा उजवा तळहात ओला आहे, पांढराफटक. बोटांची टोकं सुरकुतलीत, तासभर पाण्यात असल्यासारखी.

हे बाहेरच्या खोलीत खिडकीकडं तोंड करून बसलेत. माझा हात बघतात. "एवढ्यात धुणं काढलंस काय?"

"नाही," मी म्हणते आणि त्यांच्यासमोर खाली बसते. "ऐका. आक्का तुमच्यामुळं नाही गेल्या."

त्यांना वाटतं, मी समजूत काढतेय. खांद्यावरचा टॉवेल घेऊन ते माझं एकेक बोट हळू हळू पुसायला लागतात. आणि मी सांगायला सुरुवात करते.