माग बंद असतानाचा आवाज

"अण्णा, हितं माग न्हाय चालू! जरा हळू!" दवाखान्याच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. आत समुपदेशक बाईंसमोर मी आमच्या वडगावच्या पद्धतीनं बोलत होतो. विणकराचा जन्म मागाच्या खडखडाटात जातो. आम्ही कानात गुपित सांगितलं तरी ते पार पलीकडच्या कंग्राळी गावापर्यंत पोचतं.

निपाणी रस्त्यावर आमची जीप उलटली आणि बायको गेली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून आलो होतो. पण चहाच्या टपरीवर सांगून सांगून त्या जीपनं माझ्या तोंडी अकरा कोलांट्या मारल्या होत्या, आणि हवेत असतानाच मी निवांत तंबाखू मळली होती. लोक पोट धरून हसायचे आणि आपापल्या घरी जायचे. माझ्या घरी फक्त भिंती होत्या, आणि त्या लई गंभीर.

बाईंनाही तेच ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. "दार लावू का? की उघडंच ठेवू? जे सांगायला नको वाटेल ते सांगू नका," एवढंच म्हणाल्या. काय हवं, काय नको, हे मला वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. मी 'लावा' म्हणालो, तेव्हा त्यांनी दार लावलं.

जीप एकदाच उलटली, मी सांगितलं. बायकोचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होत गेला. बोलता बोलता माझा आवाज इतका खाली गेला, की मलाच ऐकू येईना.

"ऐकू आलं का, बाई?"

"आलं. बुधवारी परत या."