परीक्षेला बसलेला बोकड

सत्तरच्या दशकात मी औरंगाबादला एम.एस्सी. करत होतो. तीर्थपुरीजवळच्या आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. प्रबंधाचा विषय होता रक्तातलं लाल प्रथिन, हिमोग्लोबिन. पोटातल्या पिल्लाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू जातं आणि मोठ्या जनावराचं येतं. हा बदल मला एकाच पिल्लात शेवटपर्यंत बघायचा होता.

आईकडे अर्धलीची शेळी होती. शेळी मालकाची, सांभाळायची आईनं, पिल्लं निम्मी निम्मी. त्या वेताला एक बोकड झाला आणि एक पाठ, म्हणजे मादी पिल्लू. रक्त काढलेलं सोसेल म्हणून मी तगडा बोकड निवडला. दर रविवारी त्याच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं आणि बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीनं परत. प्रयोगशाळेत वीजप्रवाह सोडला की कागदाच्या पट्टीवर दोन्ही हिमोग्लोबिनांच्या वेगळ्या रेघा उमटत. जुनी रेघ फिकी होत चालली होती.

अर्धलीत पहिली निवड मालकाची, हे लहानपणापासून माहीत असून माझ्या डोक्यात आलंच नाही. एका रविवारी मालक दारात उभे.

"बोकड सोड. जत्रेला कापायचाय."

माझं काम निम्म्यावर तुटणार होतं.

आई म्हणाली, "मालक, पाठ न्या."

"येडी झालीस का बाई? तूच पाठीची वाट बघून राह्यली होतीस ना?"

"न्या म्हणलं ना. बोकडाची परीक्षा चालू हाय, मधून उठवता येत न्हाई."

मालक मोठ्यानं हसले. "पास झाला तर पेढे आण!" आणि पाठीला दोरी लावून घेऊन गेले.

ती पाठ म्हणजे आईची स्वतःची पहिली शेळी झाली असती. मी काही बोलायला गेलो, तर म्हणाली, "जल्दी कर, गाडी चुकंल."

शेवटच्या पट्टीवर जुनी रेघ उरलीच नव्हती. सरांना दाखवून ती पट्टी मी घरी आणली. आज माझ्याकडे जे काही आहे ते त्या पट्टीतून, म्हणजे आईच्या एका शब्दातून आलेलं आहे. आईनं ती पट्टी उन्हात धरून पाहिली.

"पोटातलं रगत गेलं म्हण की."

"गेलं. आता त्याचं स्वतःचं आलं."

तिनं बोकडाला जवळ ओढून त्याचा टोचलेला कान चोळला. "पास झालास रे बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढं पाला टाकला.