दादाच्या कॉम्प्युटरमधली न संपणारी चाल

माझं लग्न टिकलं नाही आणि दादाचं झालंच नाही. त्यामुळे आई-वडील गेल्यावर भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भावंडंच उरलो. मी शाळेत शिकवते, सकाळच्या सत्रात. दादा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. हळदी, संगीत, नवरात्रातला गरबा, गणपतीतले कार्यक्रम, यात त्याचं वर्ष कुठे जायचं कळायचं नाही. एखाद्या गायिकेला पट्टी झेपत नाहीये असं दिसलं, की दोन कडव्यांच्या मधल्या संगीतात तो बाकीच्या वादकांकडे बघून नुसती मान हलवायचा आणि सगळं गाणं अलगद खाली उतरवायचा. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागायचा नाही.

मग लोक डीजे बोलवायला लागले. दादा कुणाला बोल लावत बसला नाही. रोज दाढी करायचा, ती एक दिवसाआड करायला लागला, एवढंच.

त्याच्या ऑर्केस्ट्रात पूर्वी ऑक्टोपॅड वाजवणारा एक मित्र होता. त्याचं आता मीरा रोडला, हाटकेशला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दादाला झोप लागत नाही हे ऐकून त्याने आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. मेंदूच्या लहरींना चालना देणारं. झोप हवी, शांतता हवी, एकाग्रता हवी, जे हवं ते निवडायचं, हेडफोन लावायचे आणि पडद्यासमोर बसायचं.

त्या दुपारी मी शाळेतून आले तर दादा कितीतरी महिन्यांनी खुशीत होता.

"बस इथे," म्हणाला. "तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी किंचित कमी-जास्त लागल्या की आवाज कसा डोलतो, ठाऊक आहे ना? हे तसंच आहे. एका कानात एक सूर, दुसऱ्यात त्याच्याहून जरासा वेगळा. डोलणं होतं ते तुझ्या डोक्यात."

"आणि हे गाणं कुठलं वाजतंय?"

"कुठलंच नाही. तीच गंमत आहे. ज्या आकड्यांवर ते लहरी सोडतं, त्याच आकड्यांवरून चाल बांधत जातं. आपलं आपण. थांबवेपर्यंत चालूच."

चहाचा कप हातात घेऊनच मी हेडफोन लावले. पडद्यावर एक निळं वर्तुळ उघडमीट करत होतं, डोळे मिटले तरी पापण्यांवर जाणवत होतं. खाली घूं घूं, आणि तिच्यावर एक-एक स्वर टाकत कुणीतरी चालल्यासारखं. वाईट नव्हतं ते. चांगलं वाटत होतं खरं तर, दात काढताना भूल दिल्यावर वाटतं तसं. मी हेडफोन काढले आणि हातातला चहा प्यायला घेतला. त्याच्यावर साय धरली होती. मला वाटलं होतं, आत्ताच तर बसले. पुन्हा मी ते कानाला लावलं नाही. का नको, हे मात्र दादाला सांगता आलं नाही मला.

त्याचं छान चाललं होतं. झोप लागायला लागली. केबिन रोडच्या एका योगवर्गाला आसनांच्या मागे वाजवायला शांत संगीत हवं होतं, ते तो या सॉफ्टवेअरमधून काढून द्यायला लागला. तिथल्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी आणखी मागितलं. मग शेजारच्या काकी यायला लागल्या. त्या गुजराती, नवरा गेल्यापासून छातीत धडधडतं म्हणून हैराण झालेल्या. दादाने त्यांच्यासाठी दुसरा हेडफोन जोडला. दोघं दुपारी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायचे. काकींच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखरच उतरला. पण हळूहळू त्या लवकर यायला लागल्या. दार उघडायला जरा उशीर झाला की बेल वाजवतच राहायच्या. "भाई, चालू करो ने," एवढंच म्हणायच्या आणि खुर्चीत जाऊन बसायच्या. आधी माझ्यासाठी वाटीत काहीतरी झाकून आणायच्या, ते बंद झालं.

दादाही बदलत होता. जेवताना मध्येच थांबायचा. घास हातात, डोळे उघडे, आणि डावी पापणी फडफडतेय. मी "दादा" म्हटलं की क्षणभराने परत यायचा. "काय म्हणालीस?" असं विचारायचा आणि जेवायला लागायचा. मला वाटायचं, विचारात असेल.

एका रविवारी सकाळी मी त्याला आईचं आवडतं गाणं वाजवायला सांगितलं. कीबोर्डवरचं कापड त्याने बऱ्याच दिवसांनी काढलं. मुखडा सुरेख वाजवला. अंतरा घेतला. अंतऱ्यावरून गाणं परत मुखड्यावर यायला हवं, पण ते आलंच नाही. त्याची बोटं पुढे जात राहिली. बेसूर काही नव्हतं, पण ते गाणं उरलं नव्हतं.

"दादा, मुखड्यावर ये ना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गाणं आहे ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोटं थांबली नव्हती. "चाललंय ना ते आपोआप," तो म्हणाला. "परत कशाला यायचं?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना कुकर घासत बसले. बाहेर ते चालूच होतं. शेवटी मी रेडिओ लावला, तेव्हा थांबलं.

हाटकेशच्या मित्राला मी फोन केला. तो हसला. "ताई, त्यात काय घाबरायचं? लोक ध्यानासाठी वापरतात. कमी वेळ ऐक म्हणावं त्याला." मी दादाला ते सांगितलं. तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा जिन्यातच घूं घूं ऐकू आली. त्याने स्पीकरही लावला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. दुपारी मी दाराला किल्ली लावली. खोलीचे पडदे ओढलेले, पडद्यांवर निळा उजेड उघडमीट करतोय. काकी खुर्चीत बसल्या होत्या, हेडफोन लावून, डोळे मिटून, हलकेच डोलत. शेजारची खुर्ची आडवी झाली होती. तिच्यामागे दादा जमिनीवर होता. अंग ताठ, हातपाय झटके देत होते, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस, आणि त्याची टाच काकींच्या खुर्चीच्या पायावर थाड थाड आपटत होती. काकी त्या धक्क्यांनीच डोलत होत्या.

मी आधी मुख्य बटण बंद केलं. मग दादाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी पर्स सरकवली. खोली एकदम शांत झाली, फक्त ती टाच वाजत राहिली. काकींनी डोळे उघडले.

"बंद क्यूं किया?" त्या चिडून म्हणाल्या. मग त्यांनी खाली पाहिलं.

त्यांनी किंकाळी फोडली तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसं धावत आली. दादाला रिक्षात घालेपर्यंत झटके थांबले होते. पण तो मला ओळखत नव्हता. माझा हात धरून "आई कुठाय?" असं विचारत होता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मी त्यांना सॉफ्टवेअरबद्दल सगळं सांगितलं, दादाचं जेवताना थांबणंही.

"आवाजामुळे झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण असा उघडमीट करणारा प्रकाश काहींना चालत नाही. लहानपणी कधी झटका आला होता का यांना?"

आला होता. तापात, मी जन्मायच्या आधी. आई कधीतरी बोलता बोलता सांगायची. आम्ही दोघांनीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

"आणि जेवताना थांबायचे म्हणालात ना, तेही झटकेच होते. लहान."

दादा घरी यायच्या आधीच मी मित्राला बोलावून ते सॉफ्टवेअर काढून टाकायला लावलं. या वेळी तो हसला नाही. माझ्याकडे न बघता काम केलं आणि चहा न घेता गेला. काकी दादाला बघायला आल्या, फळं घेऊन. दादाशेजारी बसल्या, त्याच्या केसांवरून हात फिरवला, रडल्या. मग स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन हळूच म्हणाल्या, "बेन, मेरे लिए थोडा चालू कर दो ना. सिर्फ मेरे लिए." काढून टाकलंय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. नंतर त्यांच्या मुलाने त्यांना तसंच काहीतरी मोबाइलवर मिळवून दिलं. आता त्या आमच्याकडे येत नाहीत. जिन्यात भेटल्या तर कानात वायर असते आणि माझ्या बाजूने निघून जातात.

दादा आता बरा आहे. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून स्कूटर सोडली. सोसायटीतल्या मुलांना कीबोर्ड शिकवतो, आणि गाणं मुखड्यावर नीट आणतो. तरी तो वाजवत असला की मी हातातलं काम ठेवून अंतरा संपायची वाट बघते.

परवा त्याच्या रक्ततपासणीसाठी केबिन रोडच्या लॅबमध्ये गेलो होतो. बाहेरच्या खोलीत माणसं बाकावर बसली होती, कुणी पेंगत, कुणी मोबाइल बघत. छतातल्या स्पीकरमधून हळू आवाजात काहीतरी वाजत होतं. दादा एकाएकी उठला.

"बाहेर थांबू या," म्हणाला.

मी त्याच्यामागे रस्त्यावर आले. त्याच्या कपाळावर घाम होता. भाजीवाल्यांच्या गलक्यात मी त्याला विचारलं, "तुझं होतं का ते? योगवर्गाला दिलेलं?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. "त्यातलं काहीच पुन्हा येत नाही. ओळखायचं कशावरून?"

आत त्याचा नंबर पुकारला गेला. तो एकटाच आत गेला. काचेतून मला बाकावरची माणसं दिसत होती. त्यातला एकही जण वर बघत नव्हता.