बिनखोडीचं गाव

कळसाडीच्या हेमकांतला कुणी विचारलं, "भाऊ, तू राहतोस कुठे?" तर तो आधी डोकं खाजवतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो लॅपटॉपवर करतो. कंपनीने सांगून ठेवलंय, बाबा रे, काम वेळेवर दे, मग तू डोंगरावर बस नाहीतर उसाच्या बांधावर. एवढी मोकळीक मिळाल्यावर माणसाने कुठेतरी सुखाने टेकावं की नाही? पण हेमकांत पडला गुजर पाटलाचा मुलगा, कापसाचं बोंडसुद्धा उलटंसुलटं करून बघणाऱ्यांच्या घरातला. त्याने वही केली.

वहीत दोन रकाने. डावीकडे गुण, उजवीकडे खोडी. त्याला समुद्रकाठचं लहानसं शहर हवं होतं. आयुष्यभर पाणी पाहिलं ते तापीचं नाहीतर पाटाचं, त्यामुळे ऑफिसच्या कॉलवर पाठीमागे समुद्र दिसावा ही फार दिवसांची हौस. मालवण बघून झालं, दमण बघून झालं. दोन्ही वेळा उजवा रकाना भरून पान उलटावं लागलं. मग दिवाळीआधी तो बायकोला, मोहिनीला, घेऊन महिनाभर रत्नागिरीत राहून आला.

मोहिनीचं काय म्हणाल, तर लग्नाला दीड वर्ष झालं तरी तिच्या माहेरची भांडी दोन खोक्यांत बांधलेली ती बांधलेलीच. "ठरलं कुठे राहायचं की सोडू," असं हेमकांतच म्हणाला होता. खोकी माजघरात पडून होती आणि सासूबाई त्यावर गोधड्या ठेवायला लागल्या होत्या.

रत्नागिरी तशी वहीत बरी चालली होती. नेट चांगलं, माणसं आपल्या कामाशी काम ठेवणारी, समुद्र तर खिडकीतच. घात केला मिरचीने. हेमकांतने नंदुरबारहून पाच किलो ओली लाल मिरची बरोबर नेली होती. आपल्याकडे मिरची उन्हात पसरायची आणि विसरून जायचं, आभाळाकडे कोण बघतं? त्याने तशीच ती घरमालकिणीच्या गच्चीवर पसरली आणि कामाला बसला. चौथ्या दिवशी मिरचीला पांढरी लव आली. घरमालकीणकाकू म्हणाल्या, "अहो, इथे टॉवेल वाळायला दोन दिवस लागतात, तुमची मिरची कशी वाळणार?" खजील होऊन हेमकांतने उजव्या रकान्यात लिहिलं : ऊन आहे, पण कामाचं नाही.

त्यानंतर खोडी वाढतच गेल्या. पापड सादळतो. दूध पातळ. आमटीत गूळ. दोघं कळसाडीला परतल्यावर काकूंनी मात्र निरोप पाठवला, "घर हवं असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा. दुसरं कुटुंब विचारतंय."

तो रविवार सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतला निघाला. सकाळी मोहिनीने आठवण करून दिली. हेमकांत म्हणाला, "रतिलालबापूंना घोडे दाखवून आणतो, मग बघू." मोहिनी रागावली की शाळेतली मराठी बोलते. ती म्हणाली, "जशी आपली इच्छा." हेमकांतला ते कळायला हवं होतं, पण तो मोटारसायकल पुसत होता.

रतिलालबापू म्हणजे हेमकांतचे थोरले काका. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं दरसाल यात्रेला जातात, चाळीस घोडे तपासतात आणि हात हलवत परत येतात. बापूंनी घोडा घेतला तर गावजेवण घालू, असं पोरं म्हणतात.

त्या दिवशीही तेच. बापूंनी एकाचे दात पाहिले आणि मालकाने सांगितलेल्या वयात दोन वर्षं वाढवली. दुसऱ्याच्या पायावरून हात फिरवून जुनी सूज शोधून काढली. तिसऱ्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे मोजले आणि मान हलवली. हेमकांतला हसू आवरेना.

"बापू, तीस वर्षांत एकही पसंत पडला नाही?"

 बापू सरळ टोकाच्या खुंट्याकडे गेले. तिथे धडगावकडचा उदेसिंग एक तांबूस शिंगरी, वयात न आलेली घोडी, घेऊन बसला होता. बापूंनी तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. तिथे एक भोवरा होता. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे अपशकुन, एवढं हेमकांतलाही ठाऊक होतं.

"हिन्या आजीलेबी आसाच व्हता," बापू म्हणाले. "बाकी एक खोड नही. मी म्हंतं, सकायले दखसू. सकायले ऊनू तं घोडी गयी व्हती. हाऊ उदेसिंग लई गया."

म्हणजे तीस वर्षांपूर्वी बापूंनी उद्यावर टाकलेली घोडी उदेसिंगने नेली होती. हेमकांतने त्याला विचारलं, "तुम्हाला भोवरा दिसला नव्हता?"

"दिसला की," उदेसिंग म्हणाला. "आवडला. माझी पोरं त्याच्यावर हात ठेवून तिला चारा द्यायची. अठरा वर्षं राहिली घरात."

बापू शिंगरीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग हेमकांतकडे न बघता म्हणाले, "खोड नही आसा घोडा चित्रमाज ऱ्हास, भाऊ. मी दरसाल घोडा लेवाले नही येत. तिन्हा वंशनं कोनी दिसस का, ते दखाले येस."

 तीस वर्षांनी आपण असेच कुठल्यातरी समुद्रावर दुसऱ्याच्या खिडकीकडे बघत उभे आहोत, असं हेमकांतला वाटलं आणि तो चक्क घाबरला. उन्हं उतरली होती. त्याने तिथूनच फोन लावला.

"काकू, घर आम्ही घेतो."

"अहो, ते सकाळीच ठरलं की," काकू म्हणाल्या. "तुमच्या मंडळींचा फोन आला होता. म्हणाल्या, ह्यांना इतक्यात सांगू नका. ह्यांना वही भरू दे."

घरी आला तर माजघरात गोधड्या बाजूला, एक खोकं उघडं, आणि मोहिनी कुटलेली मिरचीपूड भरलेला डबा त्यात बसवत होती. मिरची इथेच वाळवून, इथेच कुटून न्यायची, एवढी साधी गोष्ट तिने वहीशिवाय ठरवली होती.

"मला विचारलं नाहीस?" हेमकांत म्हणाला.

"तुम्ही तीन शहरं पाहिली. मला विचारलं?"

हेमकांतने वही काढली. मालवण, दमण, रत्नागिरी. दुधापासून टॉवेलापर्यंत सगळं लिहिलेलं होतं. मोहिनीला काय हवंय, याची एक ओळ नव्हती. त्याला लाज वाटली. वही खिशात घालून तो खाली बसला आणि डब्याभोवती जुने कागद कोंबू लागला.

ओट्यावरून बापूंनी विचारलं, "काय ठरनं रे?"

"तुमच्या सुनेनं सकाळीच घर घेऊन टाकलं, बापू."



"बरं झायं," बापू म्हणाले. "या घरमा कोनीतरी येळवर काही लिन्हं."