अडतीसच्या खालचा आकडा

माझा स्वभाव संशयी आहे असं माझे यजमान म्हणतात. मी त्याला सावधपणा म्हणायची. मागच्या दिवाळीत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो आणि परत येऊन पाहतो तर अंगणातली पाण्याची मोटार गायब. तेव्हापासून माझा सावधपणा जरा वाढला. अमरावतीतल्या आमच्या घराला मी चार कॅमेरे लावून घेतले. फाटकावर, मागच्या दारावर, जिन्यात आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकासमोर. बसवणारा म्हणाला, सगळं रेकॉर्डिंग नेटवरून कंपनीकडे जमा होत राहील, चोराने कॅमेरा उपटून नेला तरी चित्र तुमच्या फोनवर दिसेल. ते ऐकून मी निश्चिंत झाले.

त्या खोलीत मी अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवते. श्वास कसा घ्यायचा, शब्दाला घाई न करता कसं सुरू करायचं, अडकलं तर घाबरायचं कसं नाही, असं सगळं. त्या हिवाळ्यात अकोल्याजवळच्या एका गावातून अकरा वर्षांची एक मुलगी येऊ लागली. घरची झेंडू-शेवंतीची शेती, फुलं अकोल्याच्या बाजारात जायची. आई तिला घेऊन सकाळची बस पकडायची आणि परत जाईस्तोवर दुपार टळून जायची. दोन महिन्यांत मुलगी माझ्याशी बऱ्यापैकी मोकळी झाली. मग तोडणीचे दिवस आले, आईला येणं जमेना. मीच म्हटलं, आठवड्यातून दोनदा फोनवर समोरासमोर बसू, व्हिडिओ कॉल करू. त्यांच्या घरी नवीनच फायबरची लाइन आली होती.

पहिले दोन-तीन तास मला ठीक वाटले. नंतर मुलगी गप्प होत गेली. मला ती स्वच्छ दिसायची, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता यायचं. पण मी काही विचारलं की ती खाली बघायची. एकदा मी सांगत होते, "हळूच सुरुवात कर, म... मामा," तेव्हा तिने एकदम डोळे भरून माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. भला माणूस, आजवर माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोललेला नव्हता.

"मॅडम, एक गोष्ट इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना भाऊ."

"तुमी तिची नक्कल करून राहिल्या का?"

"नक्कल?" मी म्हटलं, "कसली?"

"ती म्हणते, मॅडम माह्यासारख्याच अडकून बोलतात, अन् मंग तोंड तसंच ठेवून पाह्यतात माह्याकडं. शाळेतले पोट्टे करतात तसं. आमी तुमच्या भरोशावर पोरगी देली जी."

वीस वर्षांत कुणी मला असं बोललं नव्हतं. मी रागावले. म्हटलं, तुमच्याकडचं नेट खराब असेल, माझं उत्तम आहे. ते म्हणाले, "आमच्याकडं तर सिनेमा चालते, मॅडम." आणि फोन ठेवून दिला.

खरं म्हणजे माझं नेट उत्तम आहे हे मला तपासल्याशिवाय सांगता आलंच नसतं. मी लगेच लॅपटॉप उघडला आणि वेग मोजायचं ते पान लावलं. काटा सरसर चढत अडतीसवर गेला. माझा प्लॅन चाळीसचा. अडतीस म्हणजे जवळपास पूर्ण. मी पान बंद केलं. दोष तिकडचाच, याची खात्री झाली.

पण संशय एकदा जागा झाला की एका जागी बसत नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठी फाइल उतरवून घेताना मी पाहिलं, तर तिथे वेग पावणेपाच दाखवत होता. अडतीस कुठे, पावणेपाच कुठे! म्हणजे मोजण्याचं पान खोटं आणि नेट देणारा केबलवाला लबाड. मी त्याला बोलावून घेतलं.

त्याने चप्पल दाराबाहेर काढली, नेटचा डबा पाहिला, फाइल पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा बाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. अडतीसले आठनं भागा."

मी मनातल्या मनात भागलं. पावणेपाच आले. तरी मला पटलं नाही. गणित बरोबर आहे म्हणून माणूस खरा, असं थोडंच असतं?

"मग माझा चेहरा का अडकतो समोरच्याला?"

"ते तिकडूनच असंन," तो म्हणाला आणि निघून गेला.

आता राहिले वरचे भाडेकरू. नवरा-बायको, ती दवाखान्यात परिचारिका आणि तो घरूनच काम करणारा. वर्षभरापूर्वी त्यांचं नेट बंद पडलं होतं तेव्हा दोन दिवसांसाठी मी माझा पासवर्ड दिला होता. दोन दिवसांचं वर्ष झालं असेल, कुणी सांगावं? मी पासवर्ड बदलला आणि जिन्यात तिला गाठलं.

"माझं नेट अजून वापरता का तुम्ही?"

ती ड्यूटीवरून आली होती, हातात भाजीची पिशवी. "काकू, आमचं आमचं कनेक्शन आहे. दाखवू?"

"नको. मी आपलं विचारलं."

"नाही, बघाच," म्हणून तिने मला वर नेलं आणि आपला डबा, त्यावरचे हिरवे दिवे, सगळं दाखवलं. तिचा नवरा कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी खाली आले तेव्हा जिन्यातला कॅमेरा माझ्याकडेच बघत होता, आणि आज संध्याकाळी मी स्वतःलाच फोनवर उतरताना पाहणार होते.

मुलीचे पुढचे दोन तास झालेच नाहीत. आईने कळवलं, ती बसायला तयार नाही. त्या रविवारी मी अकोल्याची बस धरली. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असंही मनात आलं. हे लोक मला पाण्याला तरी विचारतील का, याची खात्री नव्हती.

विचारलं. चहाही झाला. मुलगी मात्र आईच्या मागे उभी राहिली. मी तिला सांगितलं, "मी तुझी नक्कल नाही केली गं." तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं मात्र दिसलं नाही. मलाही सांगून काय सिद्ध करता येणार होतं?

मग तिचे वडीलच बोलले. "मॅडम, तुमी इथं बसा. तुमच्या घरचं कोणी तुमच्या खुर्चीवर बसू द्या तिकडं. पाहू मंग."

मी यजमानांना फोन केला. ते कुरकुरत माझ्या खोलीत बसले आणि कॉल लागला. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं, तसाच थिजला. मग आवाज आला. "ह... ह... हॅ... काय क... क..." आणि पुन्हा थिजला.

माझ्या पाठीमागून हसू फुटलं. मुलगी आईच्या आडून बाहेर आली होती. "का... का... काकाले बी होते!" ती म्हणाली.

"मला तर तुम्ही सगळे लख्ख दिसताय," यजमानांचा आवाज तुटत तुटत आला. तेवढं वाक्य जोडायला आम्हाला तीनदा ऐकावं लागलं.

वडील हसले नाहीत. थोडा वेळ त्यांनी पडद्याकडे टक लावून पाहिलं. "आमचं तिकडं बराबर जाऊन राहिलं," ते सावकाश म्हणाले. "तिकडचं इकडं येऊन नाई राहिलं. मॅडम, येण्याचा वेग तुमी पाह्यला. जाण्याचा पाह्यला का?"

नव्हता पाहिला. जाण्याचा वेग वेगळा असतो हेच मला माहीत नव्हतं. यजमानांना साध्या फोनवरून सांगितलं, ते पान लावा आणि मध्येच बंद करू नका. काटा अडतीसवर गेला, खाली आला आणि आता जाण्याचा वेग मोजतोय, असं ते सांगत होते.

"शून्य पूर्णांक चार," ते म्हणाले. "हललाच नाही."

मी तिथूनच केबलवाल्याला फोन करून विचारलं. माझ्या प्लॅनमध्ये घरात येण्याला चाळीस होते, घरातून जाण्याला फक्त चार. सिनेमा पाहणाऱ्याला कळतही नाही. पण बोलणाऱ्याचा चेहरा आणि आवाज त्या चारातूनच जातो.

"पण चारही नाहीत ना! बाकीचे कोण खातंय?"

तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कॅमेरे आहेत न? चार? ते रात्रंदिवस पाठवूनच राहिले असंन."

मी यजमानांना कॅमेरे बंद करायला सांगितलं. यजमानांनी कॅमेऱ्यांचा प्लग काढला आणि परत कॉल लावला. ते दिसले, बनियनवर, केस न विंचरलेले, इतके स्पष्ट की मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला. "आता बोलू की जाऊ?" त्यांनी विचारलं आणि एकही अक्षर अडलं नाही.

मुलीच्या वडिलांनी माझी माफी मागितली नाही आणि मलाही तशी अपेक्षा नव्हती. निघताना त्यांनी शेवंतीची एक पिशवी दिली. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत." ते म्हणाले, "इचारल्याबिगर कसं कळंन? मनातल्या मनात ठेवलं असतं तं पोरगी गेली असती हातची."

घरी आल्यावर मी वर गेले. भाडेकरू परिचारिकेला झालेलं सगळं सांगितलं, चुकले म्हटलं आणि पिशवी पुढे केली. तिने अर्धी शेवंती घेतली, बाकी परत केली. "तुमच्या घरात मी दिवसभर कॅमेऱ्यासमोरून ये-जा करते काकू," ती म्हणाली, "मी कधी काही बोलले का?" मी तिच्यादेखत जिन्यातला कॅमेरा काढायला लावला. बाकीचे तीन आता आतल्या कार्डवरच रेकॉर्ड करतात, बाहेर काही पाठवत नाहीत. तरी उन्हाळ्यात त्या नवरा-बायकोने दुसरं घर पाहिलं. कारण दवाखाना जवळ पडतो असं सांगितलं. मी ते खरं मानायचा प्रयत्न करते.

मुलीचे तास पुन्हा सुरू झाले. पहिले काही आठवडे तिचे वडील दाराशी, फोनच्या मागे उभे राहून माझा प्रत्येक शब्द ऐकायचे. मला ते दिसायचे नाहीत, पण मुलगी बोलता बोलता मध्येच तिकडे बघायची, त्यावरून कळायचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही उभी राहिले असते.

जूनमध्ये एक दिवस ती मला शेवंतीची रोपं कशी लावतात ते सांगत होती. तीन ठिकाणी अडकली, थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. दाराकडे एकदाही पाहिलं नाही. मी विचारलं, "बाबा नाहीत का आज?"

"वावरात गेले," ती म्हणाली. "म... म्हणे, तूच बोल आता."