श्रीखंडासाठी रिकामा केलेला फ्रिज
इंजेक्शनआधी नर्सने दंडावर स्पिरिट चोळलं की माझं डोकं आजही तापतं. नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. कोकणात किनाऱ्याला मरून लागलेल्या डॉल्फिनांच्या कातडीचे तुकडे दोन वर्षं हिंडून मी स्पिरिटच्या बाटल्यांत जमवले होते. उत्तरेचे आणि दक्षिणेचे कळप एकाच कुळातले, की फार पूर्वीच वेगळे झालेले, हे त्यांवरून कळणार होतं. एका सकाळी प्रयोगशाळेतला फ्रिज उघडला, तर आत श्रीखंडाचे डबे. “माझ्या बाटल्या?” शिपायाने मान खाली घातली. “सायबांनीच टाकाय सांगितल्या, बाई. पावणं येनार हायत न्हवं.” मी मागच्या उकिरड्याकडे धावले. बाटल्या फुटून तुकडे एकमेकांत मिसळले होते. कुठला कुठल्या किनाऱ्याचा, आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. तोवर पाहुण्यांना घेऊन आलेले विभागप्रमुख हसून म्हणाले, “मेलेल्या माशांसाठी एवढा संताप?” “मासे नाहीत ते, सर! प्राणिशास्त्र शिकवता ना तुम्ही?” मी पाहुण्यांदेखत ओरडले आणि त्याच दिवशी कॉलेज सोडलं. पुढे पुन्हा किनारा तुडवून काम दुसरीकडे पुरं केलं, कौतुकही झालं. पण त्या पहिल्या डॉल्फिनांनी काय सांगितलं असतं, हे मला कधीच कळलं नाही, आणि त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.