यादोरावचा जोड

बाबू, ऐंशी-बयाऐंशीतली गोष्ट हाय. दिघोरीचा यादोराव भंडाऱ्याले एका कारखान्यात नवीन वेल्डर लागला होता. तापल्या जोडाले हवा लागू नये म्हनून टॉर्चमधून गॅस सोडतेत; तो पुरा पडला नाई का छिद्रं पडतेत, अन् याच्या जोडात छिद्रंच छिद्रं!

"आज बी असंच झालं तं गावाले जाय," मालक बोलला.

यादोराव जुन्या वेल्डराकडं, बाबुलाल उस्तादाकडं धावला. "सिलिंडरचा काटा तं बराबर दाखवते, उस्ताद!"

बाबुलाल उस्ताद हासला. "काऊन रे धानवाल्या, पानी तलावावर पायतं का आपल्या धानाच्या बांधीत?"

त्यानं गॅस मोजाची काचेची नळी वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडाले लावली. आतली गोळी हललीच नाई. गॅस वाटंतच गळून राहिला होता. यादोरावनं पाइप चाचपला, चिरलेला तुकडा कापून टाकला अन् पाइप पुना जोडला. मंग गोळी सरसर वर चढली, जोड चांदीवानी चमकला.

मालकानं जोडावरून बोट फिरवलं. "ऱ्हाय."

यादोरावनं साऱ्याइले चहा पाजला. तसा गोड चहा त्याले मंग कधी भेटलाच नाई.